भवानीला सांगायचं नाही

आमच्या घराण्यात कॅन्सर कुणालाही झालेला नाही. आजीला 'पोटाचं' झालं होतं, मोठ्या अण्णाकाकांना 'ते' झालं होतं, आणि आतोबांना, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांना, काय झालं होतं ते मला कॉलेजात जाईपर्यंत 'घशाचं जरा' यापलीकडे कुणी सांगितलं नव्हतं. तो शब्द जिभेवर यायची वेळ आली की आमचे बाबा आधी दाराकडे बघायचे, मग डोळे वर पंख्याकडे न्यायचे आणि हनुवटी एकदा खाली करायचे. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. ज्याला झालंय त्याला तर मुळीच सांगायचं नाही, हा शिर्क्यांचा कायदा. सांगितलं की माणूस खचतो, नाही सांगितलं की बरा होतो, असा काहीतरी त्यामागचा विचार असावा. बरं कुणीच झालं नाही, पण म्हणून कायदा काही बदलला नाही. त्यामुळे आमच्या मांजरीला कॅन्सर झाला तेव्हा तो तिच्यापासून लपवायचा, यात घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहत होतो. लालबागची खोली सोडून बाबांनी तिथे तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला होता आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते गॅलरीत नेऊन 'खाडीचा वारा' दाखवायचे. वाऱ्याला चिखलाचा वास यायचा, ते पाहुणे घरी जाऊन बोलत असतील. हॉलमध्ये आत्याचा दिवाण, बेडरूममध्ये आईबाबा आणि मी जिथे जागा मिळेल तिथे. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई होती. कुणी दार उघडं टाकलं की ती 'कृपया दरवाज़ा बंद करें' असं घसा न खाकरता तासभर म्हणत राहायची. आत्या दिवाणावरून तिला उत्तर द्यायची, 'अगं करतील गं बाई, जीव घेशील कुणाचा!' समोरच्या हेतलबेनकडे सकाळी फोडणीत हिंग पडला की तो आमच्या चहात यायचा. आमच्याकडे बोंबील तळले की हेतलबेन आपलं दार लावून घ्यायच्या, आणि वास गेला की दार उघडून 'सुनंदाबेन, दही है क्या थोड़ा?' म्हणून आईला हाक मारत हसत आत यायच्या. एकमेकींचं असं बरं चाललं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आतोबा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती घर ताब्यात घेऊनच. बाबा तिला आक्का म्हणायचे आणि घाबरायचे. आई तिला वन्सं म्हणायची आणि घाबरत नाही असं दाखवायची. मला घाबरायची गरजच नव्हती, कारण मी तिची लाडकी होते. लाड म्हणजे काय, तर इतरांना ती ओरडायची आणि मला ओरडून झाल्यावर खायला द्यायची. उंच, काटकुळी, नऊवारी सोडून गाऊनवर आलेली, पण गाऊनवर खांद्याभोवती टॉवेल घेतल्याशिवाय दारात न जाणारी. जेवणात तिच्या हाताला चव होती आणि तिला ते ठाऊक होतं, हे फार वाईट. आईनं केलेली आमटी ती 'बरी झालीय हो' असं म्हणायची की आईचा तो दिवस गेलाच समजायचा.

मासे घ्यायला ती गेटपर्यंत जायची. सोसायटीतले बहुतेक लोक न खाणारे, म्हणून मुर्ध्याहून येणारी हिराबाय टोपली घेऊन गेटच्या बाहेर, झाडाच्या सावलीला बसायची. एकदा तिच्या टोपलीच्या मागेमागे एक करड्या पट्ट्यांचं पिल्लू आलं आणि आत्याच्या पिशवीच्या मागेमागे जिना चढून वर आलं. 'ए भवानी, हो मागं!' आत्या दारात ओरडली. भवानी मागं न होता पुढं झाली, थेट स्वयंपाकघरात, आणि नाव तेच राहिलं. पुढची नऊदहा वर्षं आत्या सगळ्यांना सांगत होती, 'माझी नाही हो ती. मांजर मला मुळीच आवडत नाही. भातात केस जातात.' पण तळलेल्या मांदेलीचा पहिला तुकडा भवानीला जायचा. 'चव बघायला देतेय,' आत्या म्हणायची, 'हिराबायनं शिळी गळ्यात मारली असेल तर कळायला नको?' भवानी चव बघायची, आणखी थोडी बघायची, आणि मग वॉशिंग मशीनवर जाऊन आडवी व्हायची. मशीन फिरायला लागलं की तीही घुरघुरायला लागायची. रात्री झोपायला मात्र आत्याच्या पायाशी. 'लाथ मारली तरी जात नाही,' आत्या म्हणायची. लाथ मारलेली मी तरी कधी पाहिली नाही.

गाठ मला लागली. होळीच्या आधीचे दिवस असतील. तिच्या पोटावरून हात फिरवत होते तर बोटाखाली वाटाण्याएवढं काहीतरी आलं, शेजारी दुसरं. मी आईला दाखवलं, आईनं बाबांना. आत्या देवळात गेली होती, ती येण्याआधी बाबांनी भवानीला भाजीच्या चेनवाल्या पिशवीत बसवलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं, आणि आम्ही दोघं रिक्षानं प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलानं नाव विचारलं. बाबांनी स्वतःचं सांगितलं. 'नहीं अंकल, पेशंट का.' थोड्या वेळानं त्यानं सगळ्यांसमोर हाक मारली, 'भवानी शिर्के!' बाबांनी मान खाली घातली. आमच्या सात पिढ्यांत मांजरीला आडनाव मिळालं नव्हतं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, हाताला हळू. त्यांनी तपासलं, सुई घालून गाठीतलं थोडं काढून घेतलं, छातीचा एक्स-रे काढला आणि तीनचार दिवसांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. 'बघा अंकल,' त्या म्हणाल्या, 'रिपोर्ट काही चांगला नाहीये. हे जे आहे ना...'

'एक मिनिट, मॅडम,' बाबांनी हात वर केला. 'जरा बाहेर येता? इथे नको.'

'का? काय झालं?'

बाबांनी डोळ्यांनी टेबलाकडे दाखवलं. टेबलावर भवानी बसली होती आणि पंजा चाटत होती. 'तिच्यासमोर नको,' बाबा कुजबुजले.

त्या मॅडमचं मला आजही कौतुक वाटतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकदा भवानीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि स्टेथोस्कोप गळ्यातला काढून ठेवून सरळ बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. मी भवानीला धरून आत थांबले. काचेतून दिसत होतं. मॅडम बोलत होत्या, बाबा हाताची घडी घालून मान हलवत होते, आणि मग त्यांनी डोळे वर पंख्याकडे नेले. पॅसेजमध्ये पंखा नव्हता. तरीही नेले. मला रडू आलं ते तेव्हा.

फुप्फुसापर्यंत पसरलं होतं. ऑपरेशनचा काही उपयोग नव्हता. काही आठवडे, फार तर दोन महिने. दुखू नये म्हणून औषध द्यायचं, आवडेल ते खायला घालायचं, जवळ बसायचं. हे सगळं बाबांनी रिक्षात मला सांगितलं, तेही पिशवीची चेन वरपर्यंत लावून. 'आणि आक्काला यातलं अक्षर कळता कामा नये,' ते म्हणाले. 'आतोबांचं सगळं तिला आठवेल. तिचं बीपी माहितीये ना तुला?'

घरी आल्यावर प्रश्न आला, बोलायचं कुठे? वन बीएचकेमध्ये गुपित ठेवायला जागा नसते, आणि आत्याचे कान म्हणजे कान. तेव्हा आईनं स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. रिकामाच. त्या घरघराटात आम्ही तिघं ओट्याशी डोकी जोडून उभे राहिलो.

'काय वाटतेस गं एवढं?' हॉलमधून आत्या ओरडली.

'चटणी, वन्सं!' आई ओरडली. आणि मग चटणी करणं भागच पडलं. पुढे औषधाचं बोलायचं असलं की मिक्सर, डॉक्टरांचा फोन आला की मिक्सर. त्या महिन्याभरात आम्ही खोबऱ्याची, शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची इतकी चटणी खाल्ली की बाबांना ॲसिडिटी झाली. आत्याला सांगितलं, भवानीला उष्णता झालीय. उष्णता हा आमच्याकडचा फार सोयीचा आजार आहे. त्यात काहीही बसतं.

आम्ही एक विसरलो होतो. उष्णता म्हटल्यावर आत्या गप्प बसणार होती थोडीच! तिनं भवानी ताब्यात घेतली. सब्जा भिजत पडला. धन्याजिऱ्याचं पाणी उकळून गार करून सिरिंजनं तिच्या तोंडात गेलं आणि तितकंच आत्याच्या गाऊनवर आलं. हेतलबेनना कुणी सांगितलं कोण जाणे, त्या वरियाळीच्या, म्हणजे बडीशेपेच्या, सरबताचा तांब्या घेऊन आल्या, 'गरमी में बहुत अच्छा, भवानी को पिलाओ.' भवानीनं वास घेऊन तोंड फिरवलं. ते बाबा प्यायले, त्यांची ॲसिडिटी गेली. आणि दुपारची जेवणं झाली की आत्या काशाची वाटी काढायची. आमच्याकडे कुणाचे डोळे जळजळले, झोप लागेनाशी झाली की तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची रीत. आत्या दिवाणावर मांडी घालून बसायची, भवानीला उताणं मांडीवर घ्यायची आणि तिच्या चारी पंजांच्या गाद्यांना तूप लावून वाटीचा काठ हलके हलके फिरवायची. 'बघ, काळं आलं की नाही? केवढी उष्णता अंगात!' काशावर तूप घासलं की ते काळं होतंच, माणूस असो की मांजर. भवानी डोळे मिटून पडून राहायची आणि शेवटी चारी पंजे चाटून स्वच्छ करायची. मी हे भीतभीत डॉक्टर मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तिला आवडतंय ना? मग चालू ठेवा.' दुखण्याचं औषध आम्ही 'व्हिटॅमिन' म्हणून द्यायचो. आत्याचा त्याच्यावर विश्वास नव्हता. 'ताकद येतेय ती माझ्या तुपानं,' ती म्हणायची.

ताकद येत नव्हती. भवानी हलकी होत चालली होती. वॉशिंग मशीनवर उडी मारायची तर आधी खाली उभी राहून विचार करायची, आणि मग मीच तिला उचलून ठेवायचे. गेटवर हिराबायसुद्धा म्हणाली, 'काय गो, मांजर तुमची आताशा खाली दिसत न्हाय?' आत्यानं सांगितलं, 'उष्णता झालीय, येईल चारआठ दिवसांत.' मी मांदेलीकडे बघत राहिले.

आता खरी पंचाईत पुढे होती. आत्या दर वर्षी आंब्यांना गावी, संगमेश्वरला जायची. एप्रिल संपता संपता गेली की पावसाच्या तोंडावर परत. तिकीट कधीच काढून झालं होतं. डॉक्टरांचे ते काही आठवडे आणि आत्याचा तो दीड महिना मी मनात शेजारी शेजारी मांडून बघायचे. आत्या येईल तेव्हा भवानी नसणार. एके दिवशी मिक्सर लावून मी बाबांना म्हटलं, 'तिला सांगायला हवं. तिला राहायचं असेल तर?'

'उलट बरंय ना ती जातेय ते,' बाबा म्हणाले. 'तिच्या डोळ्यांसमोर नको. आली की सांगू, हरवली म्हणून. मांजरं जातात अशी.'

'हरवली? बाबा, ती दोन महिने जिने चढत उतरत शोधत बसेल!'

'हळू बोल!' बाबांनी हॉलकडे बघितलं, मग आईनं मिक्सरचा वेग वाढवला, आणि चर्चा संपली. आई नंतर भांडी घासताना मला एवढंच म्हणाली, 'तुझं बरोबर आहे गं. पण माझ्या तोंडून नाही निघायचं ते.'

मी ठरवलं, आपण सांगायचं. ठरवणं सोपं होतं. पण मीही शिर्केच ना! आत्यासमोर जाऊन बसायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, 'आत्या, येताना कोकम आणशील ना?' दुसऱ्या वेळी म्हटलं, 'आत्या, फणसाची साटं आण.' ती म्हणाली, 'तुला काय डोहाळे लागलेत काय गं?' आता माझ्याही कानामागे पांढरं दिसायला लागलंय, पण अजूनही कुणाला अवघड काही सांगायचं असलं की माझ्या तोंडून आधी कोकमच निघतं.

निघायच्या आदल्या दिवसापासून आत्याचा भवानीशी अबोला सुरू होता. झालं होतं असं की आत्यानं तिच्यासाठी म्हणून बोंबील उकडून, काटा काढून, हळद घालून कुस्करून दिला, आणि भवानी तो हुंगून निघून गेली. 'नाटकं करतेय,' आत्या भडकली. 'शेफारलीय! मी राबराब राबतेय आणि हिला चव नाही. बोलणारच नाही मी हिच्याशी.' आणि खरंच बोलली नाही. संध्याकाळभर भवानी पायाशी आली की आत्या पाय वर घ्यायची. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची गाडी. सकाळी आत्याची बॅग दारात तयार, बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते आणि आत्या ओट्याशी उभी राहून सुकट भाजत होती. अबोला असला तरी जेवणाची सोय करून जायला हवी होती. भाजलेलं सुकट तिनं मिक्सरमधून काढलं, मोठ्या बरणीत दाबून दाबून भरलं आणि झाकण लावून माझ्या हातात दिलं.

'भातावर चिमूटभर टाकायची भुकटी. बघ कशी चाटून पुसून खाते! मी येईपर्यंत पुरेल. आणि सब्जा चुकवू नका. मी आले की मला ती ठणठणीत दिसली पाहिजे, सांगून ठेवते.'

बरणी जड होती, अजून गरम होती. मी म्हटलं, 'आत्या, तिला कॅन्सर आहे.'

हॉलमध्ये पेपरचा आवाज थांबला. आत्यानं आधी गॅस बंद केला. मग माझ्याकडे बघितलं. मग मी थांबलेच नाही, सगळं सांगून टाकलं: गाठ, रिपोर्ट, किती दिवस, पॅसेजमध्ये नेलेल्या डॉक्टर मॅडम, व्हिटॅमिन, चटण्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. आई त्यांच्या मागे.

'तरीच,' आत्या म्हणाली. 'तरीच म्हटलं खोबरं एवढं कसं संपतंय.' तिनं टॉवेलनं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. 'वसंता, तुला कधी कळलं?'

'होळीच्या आधी. आक्का, तुला त्रास नको म्हणून...'

'त्रास काय चुकला का रे माझा? उशिरा झाला एवढंच.' तिचा आवाज चढला नाही, म्हणून आम्ही जास्त घाबरलो. 'ह्यांच्या वेळीही असंच केलंत तुम्ही. तू, अण्णा, सगळ्यांनी. मला म्हणालात घशाला सूज आहे. आणि मी रोज डबा घेऊन जायचे, आणि ते दोन घास घेऊन बाजूला सारायचे, आणि मी रागवायचे. नाटकं करता म्हणायचे. चव नाही का माझ्या हाताला, म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याशी बोलत नव्हते, ठाऊक आहे तुला? डबा ठेवायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. तुम्ही सगळे ये-जा करत होतात. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला त्यांच्याशी अबोला धरू दिलात रे.'

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी बरणी धरून तशीच उभी होते. आजवर हे आत्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही तिला कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं ती हे उरात घेऊन आमच्या आमट्यांना नावं ठेवत होती.

'आणि तिला सांगितलंत?' आत्यानं विचारलं.

'कुणाला?'

'जिला झालंय तिला.'

'आक्का, अगं, मांजर आहे ती.'

'मग डॉक्टरीणबाईला बाहेर कशाला नेलंस?' आत्या बाबांना बाजूला सारून गॅलरीत गेली. भवानी वॉशिंग मशीनवर पडली होती. आत्या तिच्यासमोर उभी राहिली, खांद्यावरचा टॉवेल नीट केला, कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असावं तसा.

'आक्का, हळू...' बाबा मागून म्हणाले.

'हे बघ भवानी,' आत्या मोठ्यानं म्हणाली, खालच्या मजल्यावर जाईल इतक्या मोठ्यानं, 'तुला कॅन्सर झालाय. बरा नाही व्हायचा. मी गावाला जात नाहीये, मी इथेच आहे. खावंसं वाटलं तर सांग, काय हवं ते करून घालीन. नाही वाटलं तर नको खाऊस. मी नाही रागावणार. काल रागावले ते चुकलंच माझं.'

भवानीनं तिच्याकडे पाहिलं, सगळे दात दिसतील अशी जांभई दिली आणि हनुवटी पंजांवर टेकली.

आत्या वळली. तिचे डोळे वाहत होते आणि तिला ते पुसायचे नव्हते. 'बघ रे वसंता,' ती म्हणाली, 'खचली का ती?'

बाबा दोरीवरचे कपडे सारखे करायला लागले. ते वाळलेलेही नव्हते.

त्यानंतरचे दिवस खरं सांगायचं तर घरात मोकळे होते. मिक्सरला विश्रांती मिळाली. आत्यानं डॉक्टर मॅडमना स्वतः फोन लावला आणि उलटतपासणी घेतली: दुखतं का, किती दुखतं, औषध वाढवता येईल का, शेवटी काय होईल, कसं होईल. 'व्हिटॅमिन'च्या वेळा ती घड्याळ लावून पाळायला लागली. काशाची वाटीही चालूच राहिली. 'उष्णता नाहीये ना पण,' मी म्हटलं, तर म्हणाली, 'नसू दे. आम्हा दोघींना आवडतं.' भवानी कधी चमचाभर खायची, कधी नाही. नाही खाल्लं की आत्या वाटी उचलायची आणि 'बरं' म्हणायची. तेवढंच. मी ते 'बरं' ऐकायला मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळायचे.

आणि तो शब्द ती उघड बोलायला लागली. लिफ्टमध्ये, गेटवर, कुणी विचारो न विचारो. बाबा बरोबर असले की शेजारच्या भिंतीचा डिस्टेंपर निरखायचे. हिराबाय म्हणाली, 'आय माझे! मांजराला पन व्हतो?' आणि पैसे न घेता दोन मांदेल्या जास्त दिल्या. हेतलबेन ऐकून दारातच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'मौसी, मेरी सास को भी वही था. हम लोग भी नहीं बोलते.' आत्यानं त्यांना आत घेतलं, चहा ठेवला, आणि त्या दोघी त्या सासूबाईंबद्दल दुपारभर बोलत बसल्या. एकीची हिंदी कोकणातली, दुसरीची गुजरातेतली. आडवं कुठेच काही आलं नाही. हेतलबेन अधूनमधून भवानीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. भवानीच्या तोंडाला तेव्हा कसला वास येत होता ते त्यांना कळत होतं, तरी फिरवत होत्या.

मे महिना अर्धा झाला असेल. उकाडा मी म्हणत होता. त्या दिवशी सकाळपासून भवानी आत्याच्या मांडीवरून उठली नव्हती. श्वास वरवर चालला होता. दुपारी डॉक्टर मॅडम घरी येऊन बघून गेल्या. दुखणार नाही असं इंजेक्शन दिलं आणि दारात चपला घालताना आत्यालाच म्हणाल्या, 'मावशी, आजचा दिवस.' पॅसेजमध्ये कुणी कुणाला नेलं नाही. मॅडम गेल्यावर आत्यानं मला फोन लावून द्यायला सांगितला. बाबा अंधेरीला ऑफिसात होते.

'वसंता,' आत्या म्हणाली, 'आज जाईल ती. यायचं तर ये. नंतर म्हणू नकोस, सांगितलं नाही.'

पलीकडून फोन बंद झाला. आई म्हणाली, यायचे नाहीत, त्यांना सोसत नाही. मलाही तसंच वाटलं. बाबा आजीच्या वेळी डॉक्टरांना भेटायला म्हणून खाली गेले होते, काकांच्या वेळी औषध आणायला. आई, मी आणि आत्या दिवाणावर बसून राहिलो. पंखा फिरत होता. भवानीचं पोट हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं, आणि ते थांबलं की आम्हीही थांबायचो. आत्या तिच्या कानामागे एका बोटानं खाजवत होती आणि तिच्याशी बोलत होती, गावच्या आंब्यांबद्दल, यंदा मोहर कसा आला होता त्याबद्दल.

ऊन कलताना दार वाजलं. बाबा होते. ऑफिसात काय सांगून निघाले कुणास ठाऊक, पण धावतपळत आलेले दिसत होते. शर्ट पाठीला चिकटलेला, बॅग अजून खांद्याला, पायात बूट तसेच. उंबऱ्याशी येऊन थांबले. दिवाणाकडे बघायचं त्यांना धाडस होईना. माझ्याकडे बघत होते, आईकडे बघत होते, मधे एकदा वर पंख्याकडेही बघून झालं. शेवटी त्यांनी विचारलंच, 'गेली?'

आत्यानं मान वर केली नाही. ती भवानीला सांभाळत थोडी सरकली आणि शेजारी त्यांना जागा केली.

'आहे अजून,' ती म्हणाली. 'ये, बस.'